जवानाचे निवृत्तिवेतन : मजुरी की मेहेरबानी?

सियाचीनच्या हिमक्षेत्रात ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एक तरुण अग्निवीर कर्तव्यावर असताना मरण पावला. अग्निपथ योजनेखाली भरती झालेल्या जवानाला लष्करी कामगिरीवर आलेला हा पहिला मृत्यू. त्याच्या कुटुंबाला काय मिळणार यावरून वाद माजला, तेव्हा सैन्यदलाने देय रकमांची यादीच प्रसिद्ध केली. विम्याचे ४८ लाख, सानुग्रह अनुदानाचे ४४ लाख, चार वर्षांच्या उरलेल्या मुदतीच्या वेतनापोटी १३ लाखांहून अधिक, सैन्यदलांच्या कल्याण निधीतून ८ लाख आणि सेवानिधीत साचलेली रक्कम. हा पैसा थोडा नाही; तो थोडा आहे असे भासविण्यात काही अर्थही नाही. परंतु त्या यादीत एक रकाना नव्हता. नियमित सेवेतील जवान त्याच चौकीवर, त्याच थंडीत मेला असता तर त्याच्या पश्चात घरच्यांना दरमहा कुटुंब-निवृत्तिवेतन सुरू झाले असते आणि महागाईबरोबर ते वाढत गेले असते. अग्निवीराच्या घरी ते जाणार नव्हते.

पुढे मे २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या सीमेवर पाकिस्तानी माऱ्यात आणखी एक अग्निवीर पडला. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तिचे म्हणणे साधे होते : मरण सारखे असेल तर मरणोत्तर हक्क निराळे का? संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही २०२४ मध्ये, कर्तव्यावर मरण पावणाऱ्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाच्या कुटुंबाइतकेच लाभ मिळावेत, अशी शिफारस केली होती. न्यायालयातील प्रश्न मृत जवानांपुरता आहे. त्यामागचा प्रश्न मात्र जिवंत जवानांचा आहे आणि तो अधिक व्यापक आहे.

१४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. साडेसतरा ते एकवीस वर्षे वयाच्या तरुणांना चार वर्षांसाठी सैन्यात घ्यावयाचे, त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे नियमित सेवेत ठेवावयाचे आणि बाकीच्यांना घरी पाठवावयाचे, अशी तिची रूपरेषा. करोनाच्या निमित्ताने दोन वर्षे भरती बंद होती. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांची वये त्या काळात उलटून गेली होती. त्यांचा संताप बिहार, उत्तर प्रदेश आणि तेलंगणात रस्त्यावर आला. सिकंदराबादच्या रेल्वे स्थानकावर १७ जून रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण ठार झाला. सरकारने त्या वर्षापुरती वयोमर्यादा तेवीसवर नेली आणि बाकी योजना होती तशी ठेवली.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एक आक्षेप वारंवार घेतला गेला. चार वर्षे बंदूक हाताळलेला बेकार तरुण समाजाला धोकादायक ठरेल, टोळ्यांना जाऊन मिळेल, असा. हा आक्षेप शहरी मध्यमवर्गाच्या मनातील गरिबांविषयीच्या धास्तीतून आलेला आहे. जवानाच्या कळवळ्यातून आलेला नाही. शेतकऱ्याचा मुलगा शस्त्र शिकला म्हणून दरोडेखोर होतो, असे मानणे हा त्याचा अपमान होय. योजनेवरील खरा आक्षेप आर्थिक आहे आणि तो आकड्यांतच मांडला पाहिजे.

अग्निवीराचे ठोक मासिक वेतन पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० असे ठरविण्यात आले. यातून ३० टक्के रक्कम सेवानिधीसाठी कापली जाते. म्हणजे पहिल्या वर्षी त्याच्या हाती प्रत्यक्षात २१,००० रुपयेच पडतात. चार वर्षांत त्याच्या वेतनातून कापलेली रक्कम ५ लाख २ हजार रुपये होते. सरकार तेवढीच भर घालते आणि व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, प्राप्तिकर न लावता, निरोपाच्या वेळी त्याच्या हातावर ठेवले जातात. या रकमेचे जाहिरातीतून मोठे कौतुक झाले. जाहिरातीत जे ठळकपणे आले नाही ते असे की, यातील निम्मा पैसा त्या मुलाच्याच मजुरीतून कापलेला आहे. याखेरीज निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि म्हणून माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचे वा सैनिकी उपाहारगृहाचे कार्डही नाही.

तुलनेसाठी नियमित जवानाचे वेतन पाहावे. सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर ५,२०० रुपये सैनिकी सेवा वेतन आणि या दोहोंवर महागाई भत्ता. योजना जाहीर झाली त्या महिन्यात महागाई भत्ता ३४ टक्के होता. म्हणजे इतर भत्ते वगळूनही नव्या शिपायाचे वेतन ३६ हजारांच्या घरात जात होते. त्याच बराकीत, त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या अग्निवीराचे ठोक वेतन ३० हजार, हाती २१ हजार. सैनिकी सेवा वेतन नाही आणि महागाई भत्ताही नाही. भाव वाढले तर नियमित जवानाला सहा महिन्यांनी त्याची थोडीफार भरपाई होते. अग्निवीराचा आकडा भरतीच्या दिवशी ठरला तो ठरला. समान कामाला समान दाम हे तत्त्व कामगार चळवळीने कारखान्याच्या दारात झगडून मिळविले. ते तत्त्व देशाच्या सरहद्दीवर मोडावे आणि मोडणारा मालक प्रत्यक्ष शासन असावे, ही गोष्ट साधी नव्हे.

यातही एक बारीक कलम आहे. ज्या २५ टक्क्यांना नियमित सेवेत घेतले जाईल त्यांना सेवानिधीतील स्वतःचा वाटा व्याजासह परत मिळतो; सरकारने घातलेली भर मात्र मिळत नाही. स्वेच्छेने मुदतीपूर्वी सेवा सोडणाऱ्यालाही तसेच. सरकारची भर ही वेतनाचाच भाग असती तर ती अशी परत घेता आली नसती. ती परत घेतली जाते, यावरूनच योजना रचणाऱ्यांच्या मनात तिचे स्वरूप काय आहे ते उघड होते.

११ लाख ७१ हजार ही रक्कम सात टक्क्यांनी कोठे गुंतवली तर महिन्याला सुमारे ६,८०० रुपये व्याज येते. सातव्या आयोगाने ठरविलेले किमान निवृत्तिवेतन ९,००० रुपये आहे, त्यावर महागाई भत्ता निराळा. परंतु खरा फरक या दोन आकड्यांतील अंतराचा नाही. निवृत्तिवेतनात महागाईची जोखीम, आजारपणाची जोखीम आणि दीर्घायुष्याचीही जोखीम शासनाने उचललेली असते. ठोक रकमेत ही सारी जोखीम पंचविशीच्या आतल्या मुलाच्या खांद्यावर येते. आणि कोरडवाहू शेतीच्या घरात आलेल्या ठोक रकमेचे काय होते, हे ग्रामीण महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको. बहिणीचे लग्न, बापाच्या नावावरचे सोसायटीचे थकीत कर्ज, पत्रे काढून स्लॅब टाकलेले घर, आटलेल्या विहिरीशेजारी आणखी एक बोअर. यांपैकी कोणताही खर्च उधळपट्टीचा नाही. परंतु दोन वर्षांनी निधी संपतो आणि मुलगा उरतो. मासिक निवृत्तिवेतन सावकाराला विकता येत नाही, भावकीत वाटले जात नाही, दुष्काळाने बुडत नाही. त्याची किंमत या गुणात आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार शिपायांची संख्या लक्षणीय होती. सेवा संपवून ते कोकणात परतत, तेव्हा आपल्या गावच्या महारवाड्यात जाण्याऐवजी त्यांपैकी अनेकजण दापोलीच्या लष्करी वसाहतीच्या परिसरात घरे करून राहत. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गावात परतणाऱ्या महाराला वतनाची कामे, बलुत्याची भाकर आणि गावकीचा हुकूम यांतून सुटका नव्हती. पेन्शनर महाराला मात्र दरमहा सरकारी तिजोरीतून रोख पैसा येत होता. कोणा पाटलाच्या मर्जीवाचून चूल पेटत होती. जातिव्यवस्थेने लादलेल्या आर्थिक पराधीनतेला पडलेले ते पहिले खिंडार होय. सैन्यात मिळालेली अक्षरओळख आणि घरी येणारे निवृत्तिवेतन, या दोन गोष्टींच्या आधारावर त्या वसाहतीत शिकलेल्या, वाचणाऱ्या, अर्ज लिहिणाऱ्या माणसांची एक पिढी उभी राहिली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः सैन्यातील पेन्शनर. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले.

१८९० नंतरच्या दशकाच्या आरंभी ब्रिटिशांनी तथाकथित लढाऊ जातींचा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. तेव्हा पहिली तक्रार उठली ती याच पेन्शनर वर्गातून. वलंगकरांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट विलायतेच्या दरबारी नेली. हे अर्ज वरवर पाहता साम्राज्याच्या सैन्यात नोकरी मागणारे आहेत, आणि राष्ट्रवादी इतिहासकारांनी त्यांच्याकडे कित्येकदा संशयाने पाहिले. वस्तुतः एका अस्पृश्य समाजाला गावाच्या बाहेर नेणारी एकमेव वाट बंद झाली होती आणि ती वाट कोणती हे त्या समाजाने नेमके ओळखले होते. दापोलीला येऊन राहिलेल्या अशाच एका निवृत्त सुभेदार-मेजराचे, रामजी सकपाळांचे, निवृत्तिवेतन दरमहा ५० रुपये होते. त्यावर आणि पुढे साताऱ्यास मिळालेल्या नोकरीवर त्यांनी मुलांना शिकविले. त्यांच्या धाकट्या मुलाने पुढे भारताची राज्यघटना लिहिली. निवृत्तिवेतनामुळेच हे घडले असे म्हणणे बालिश होईल. परंतु चार वर्षांनंतर हातावर ठोक रक्कम ठेवून रामजींना सैन्यातून काढले असते तर दापोलीचे ते घरच झाले नसते, एवढे निश्चित.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले आणि तसा शिलालेख ब्रिटिशांनी तेथे बसविला. आजही तेथे घराघरातून सैनिक आहेत. अशा गावांची अर्थव्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या दोन खांबांवर उभी राहिली आहे : सेवेतल्या मुलाची मनिऑर्डर आणि निवृत्त बापाची पेन्शन. अग्निपथाने यातील दुसरा खांब पुढच्या पिढीसाठी काढून घेतला आहे. देशभक्ती हा या गावांचा अभिमान आहे यात शंका नाही. परंतु अभिमानाने पोट भरते असे त्यांनी कधी म्हटलेले नाही.

निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हा सिद्धांत भारतीय कायद्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी दृढ झाला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नाकरा खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्रात निवृत्तिवेतन हा पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि तो सामाजिक न्यायाचा भाग आहे, असे निःसंदिग्धपणे मांडले गेले. १९७९ मध्ये सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र उदार केले होते, पण एका विशिष्ट तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. त्या तारखेची भिंत न्यायालयाने पाडली आणि सैन्यदलांतील निवृत्तांनाही त्याचा लाभ झाला. अर्थशास्त्राच्या भाषेत निवृत्तिवेतन म्हणजे लांबणीवर टाकलेली मजुरी. कामगार तरुणपणी बाजारभावापेक्षा कमी घेतो, कारण उरलेली मजुरी मालकाकडे जमा आहे असा त्याचा विश्वास असतो. जवानाच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. त्याला संप करता येत नाही, संघटना करता येत नाही, नोकरी आवडली नाही म्हणून निघून जाता येत नाही. सौद्याची सारी साधने ज्याच्याकडून कायद्याने काढून घेतली आहेत, त्याच्या मजुरीचे रक्षण मालकानेच स्वतःवर बंधन घालून करावयाचे असते.

ते बंधन मालकाने यापूर्वीही सैल केले आहे. सैन्यदलांचे वेतन पहिल्यांदा तिसऱ्या वेतन आयोगाकडे, म्हणजे नागरी सेवांच्या वेतनाबरोबर एकाच आयोगाकडे, सोपविण्यात आले. त्याचा अहवाल १९७३ चा. त्यानंतर जवानाच्या निवृत्तिवेतनाचे प्रमाण शेवटच्या वेतनाच्या ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आले, असे माजी सैनिकांच्या संघटना तेव्हापासून सांगत आल्या. पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होणाऱ्या जवानाला साठीपर्यंत नोकरी करणाऱ्या कारकुनाच्या मापाने मोजले गेले. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ ही मागणी तेथून जन्मली. २०११ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली, ती मान्य करण्याची शिफारस केली. २०१५ च्या उन्हाळ्यात वृद्ध सुभेदार आणि हवालदार जंतरमंतरवर पदके छातीवर लावून बसले, तेव्हा कोठे ७ नोव्हेंबर २०१५ रोजी आदेश निघाला. तोही पाच वर्षांनी एकदा फेरनिश्चिती करणारा. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्च २०२२ रोजी फेटाळली आणि हा धोरणाचा प्रश्न असल्याचे सांगितले. १९८२ च्या घटनापीठाचे अध्यक्ष यशवंतराव चंद्रचूड होते. २०२२ च्या खंडपीठाचे, त्यांचे चिरंजीव धनंजय. चाळीस वर्षांत न्यायालयाचा आणि काळाचा सूर किती पालटला, हे एवढ्यावरून ध्यानी यावे. त्यानंतर तीनच महिन्यांनी अग्निपथ आला. समान निवृत्तिवेतनाचा वाद सरकारने एका दृष्टीने कायमचा सोडविला : निवृत्तिवेतनच नसेल तर ते असमान कसे असेल?

सरकारची बाजू अशी की, निवृत्तिवेतनाचा भार असह्य झाला आहे आणि तो शस्त्रास्त्रांचा पैसा खातो. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले गेले. त्यांपैकी १ लाख ६० हजार कोटींहून अधिक निवृत्तिवेतनाचे. एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याला हे प्रमाण थोडेसेच कमी पडते. आकडा मोठा आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु तो वाचताना दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली, या रकमेत केवळ जवान नाहीत. अधिकारी आहेत आणि संरक्षण खात्याचे असंख्य नागरी कर्मचारीही आहेत. दुसरी अधिक महत्त्वाची. २०२२ मध्ये जुन्या पद्धतीने भरती झालेला शिपाई पंधरा वर्षांच्या आत निवृत्तिवेतन घ्यावयास आला नसता. म्हणजे २०३७ पर्यंत या योजनेने निवृत्तिवेतनाच्या खर्चातील एक रुपयाही वाचत नाही. उलट, ४६,००० च्या पहिल्या तुकडीतील ७५ टक्के मुले परत पाठविताना सरकारला सेवानिधीतील आपल्या वाट्यापोटी व्याज सोडून सुमारे १,७३२ कोटी रुपये मोजावे लागतात. ज्या तोफा आणि विमाने आज हवी आहेत म्हणून ही काटकसर सांगितली जाते, त्यांच्यासाठी तीतून आज काहीच निघत नाही. निघते ते एकच : मनुष्यबळ कायम असू नये, हे तत्त्व देशाच्या सर्वांत कायम संस्थेत रुजविले जाते.

आणि हे तत्त्व कोणाला लागू झाले? अधिकारी पदाखालच्यांनाच. कायम कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याचे निवृत्तिवेतन पूर्वीप्रमाणेच चालू राहिले. काटकसर आवश्यक असेल तर ती वरून सुरू व्हावी, निदान सर्वांना समप्रमाणात लागू व्हावी, असे कोणी सुचविल्याचे ऐकिवात नाही. सैनिकी सेवा वेतन हे सैनिकी जीवनातील खडतरपणाबद्दल दिले जाते. सातव्या आयोगाने ते अधिकाऱ्याला १५,५०० आणि जवानाला ५,२०० ठरविले. खंदकातील थंडी हुद्दा पाहून कमी-जास्त होते, असा यातून अर्थ काढावयाचा काय? माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांच्या आत्मचरित्रातील जे उतारे प्रकाशनापूर्वी, डिसेंबर २०२३ मध्ये वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केले, त्यांवरून असे दिसते की प्रथम या मुलांना सर्व मिळून महिना २० हजारच द्यावेत असा बेत होता आणि तो सैन्याला मान्य झाला नाही. तीस हजारांचा आकडा हा अशा रीतीने सरकारचे औदार्य म्हणून पुढे आला.

सैन्य तरुण असावे, हे मात्र खरे. उंच पर्वतांवरील चौक्या चाळिशीच्या जवानांनी राखाव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा मार्ग अग्निपथापूर्वी तेवीस वर्षे सांगून झाला होता. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रत्यक्ष सैनिकी सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी आणि त्यानंतर जवानांना निमलष्करी दलांत सामावून घ्यावे, असे सुचविले. त्या दलांना प्रशिक्षित माणूस आयता मिळाला असता, सैन्य तरुण राहिले असते, निवृत्तिवेतन साठीला सुरू होऊन भारही घटला असता आणि जवानाची रोजी एका दिवसासाठीही तुटली नसती. सहाव्या वेतन आयोगानेही हीच दिशा दाखविली. मंत्रालयामंत्रालयांतील हद्दीच्या भांडणात ती शिफारस कुजली. सामावून घेण्याची जबाबदारी कोणत्याही खात्याने घेतली नाही, म्हणून अखेर ती जबाबदारी मुलावरच टाकण्यात आली. २०२२ मध्ये केंद्रीय सशस्त्र दलांत १० टक्के आरक्षण जाहीर झाले. डिसेंबर २०२५ मध्ये सीमा सुरक्षा दलापुरते ते ५० टक्क्यांवर न्यावे लागले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, आणि मूळ योजना किती अपुरी होती याची ती कबुलीही आहे. पण आरक्षण म्हणजे नेमणूक नव्हे. माजी सैनिकांसाठी ‘क’ वर्गात १० आणि ‘ड’ वर्गात २० टक्के जागा केंद्राने कित्येक वर्षे राखून ठेवल्या आहेत आणि प्रत्यक्ष भरती त्याच्या जवळपासही कधी गेलेली नाही. तोवर सत्ताधारी पक्षाच्या एका राष्ट्रीय सरचिटणिसांनी पक्षकार्यालयाच्या रखवालीसाठी अग्निवीरांना प्राधान्य देण्याचे आश्वासन जून २०२२ मध्येच देऊन ठेवले होते. बोलून गेल्यावर त्यांनी सारवासारव केली. पण शब्द तोंडून गेला होता आणि तो खोटा नव्हता. पुण्या-मुंबईच्या गृहसंस्थांच्या फाटकांवर निवृत्त जवान आजही उभे आहेत. फरक इतकाच की त्यांच्या घरी निवृत्तिवेतन येते.

अमेरिकेचा दाखला योजनेचे समर्थक आवर्जून देतात. तेथेही तरुण तीन-चार वर्षांसाठी सैन्यात जातो, हे खरे. परंतु तीन वर्षे सेवा केलेल्या अमेरिकन सैनिकाला सार्वजनिक विद्यापीठाची संपूर्ण फी आणि राहण्याचा भत्ता सरकार देते. १९४४ पासून चालत आलेल्या या व्यवस्थेने तेथे कामगारांच्या लाखो मुलांना महाविद्यालयात नेले. आपल्याकडे दाखल्यातला तेवढा भाग गाळण्यात आला.

दूर जाण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका पेढीवर तर दुपारी दुसऱ्या. तरीही मंडळाच्या मार्फत त्याला भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळू लागले, कारण कामगार चळवळीने ते मिळविले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या केंद्राच्या कामगार संहितांवर समाजवाद्यांचे आक्षेप अनेक आहेत. पण त्यांतही मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान देण्याची तरतूद आहे. १९७२ चा उपदान कायदा पाच वर्षांची अट घालीत असे. हे कायदे सैन्याला लागू नाहीत हे उघडच आहे. परंतु खाजगी मालकाने मुदतीच्या कामगाराला जे द्यावे असे शासन कायद्याने सांगते, ते स्वतः मालक असताना चार वर्षे राबलेल्या शिपायाला ते नाकारते. पाच वर्षांची अट चुकविण्यासाठी साडेचार वर्षांनी कामगाराला काढणारे मालक औद्योगिक वसाहतींतून पुष्कळ पाहिले गेले आहेत. शासनाने त्यांच्याकडून शिकण्याचे कारण नव्हते.

डाव्या चळवळीत या प्रश्नाविषयी एक संकोच दिसतो. संरक्षणखर्च मुळातच फार आहे, सैन्य हे राज्यसत्तेचे हत्यार आहे, मग त्याच्या वेतनासाठी आपण का भांडावे, असे पुष्कळांना वाटते. हा संकोच समजण्यासारखा असला तरी टिकणारा नाही. संरक्षणखर्च कमी करावा ही मागणी निराळी आणि आहे त्या खर्चातील मजुरीचा वाटा कमी करून यंत्रसामग्रीच्या विक्रेत्यांचा वाटा वाढवावा, ही गोष्ट निराळी. अग्निपथ दुसरी गोष्ट करतो. २००४ पासून केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांचे हमीचे निवृत्तिवेतन गेले, तेव्हा सैन्यदले वगळली होती. कर्मचाऱ्यांच्या आंदोलनांमुळे एप्रिल २०२५ पासून केंद्राला ५० टक्के हमीची एकत्रित योजना आणावी लागली, अपुरी का होईना. ज्यांना आंदोलन करता येते त्यांनी काही परत मिळविले. ज्याला आंदोलन करता येत नाही, तो गणवेशातील कामगार तेवढा मागे राहिला. त्याच्यासाठी बोलणे हे ज्यांना बोलता येते त्यांचे काम आहे.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात सुरू झाले. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरतात. तत्पूर्वी चार गोष्टी होणे अवश्य आहे. कर्तव्यावर मरण पावलेल्या वा अपंग झालेल्या अग्निवीराच्या बाबतीत नियमित जवानाचे सर्व नियम, कुटुंब-निवृत्तिवेतनासह, लागू व्हावेत आणि ते २०२२ पासून लागू व्हावेत. परत पाठविल्या जाणाऱ्या प्रत्येकाला माजी सैनिकाचा दर्जा, आरोग्ययोजना आणि चार वर्षांचे उपदान मिळावे. निमलष्करी दलांत व राज्य पोलिसांत त्यांना परीक्षेच्या रांगेत उभे न करता थेट वर्ग करावे आणि सैन्यातील चार वर्षे निवृत्तिवेतनासाठी धरावीत. नियमित झालेल्यांचा सेवानिधीतील सरकारी वाटा त्यांना द्यावा. यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा करावा लागत नाही. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी निघाला तसा एक सरकारी आदेश पुरेसा आहे. आणि तो काढण्यापूर्वी वृद्धांना जंतरमंतरवर बसावे लागले तसे या वेळी पंचविशीच्या मुलांना बसावे लागू नये.